जॉन टिंडल: खरा शास्त्रज्ञ की नुसता भारी बोलणारा? त्याच्या काळातले लोक काय म्हणायचे?

आळशी_उंट

मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'टिंडल परिणाम' आलाय. कौलातून कवडसा पडतो आणि त्यात धूळ नाचताना दिसते ना, तेच. ती म्हणाली बाबा हा टिंडल कोण, मी म्हटलं असेल कोणीतरी इंग्रज, आणि रात्री जेवणं झाल्यावर सहज शोधायला बसलो ते दीड कधी वाजला कळलं नाही. पहिली गोष्ट म्हणजे इंग्रज नाहीच, आयरिश निघाला. १८२० चा जन्म, वडील पोलिसात साधे शिपाई. पोरगा आधी सर्व्हे खात्यात नकाशे काढायचा, तिथे पगारावरून तक्रार केली म्हणून हाकलला, मग रेल्वेच्या मोजणीवर, मग शाळामास्तर, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी साठवलेले पैसे गाठीला बांधून थेट जर्मनीत मारबुर्गला, बुन्सेनच्या हाताखाली (तोच तो बर्नरवाला). १८५३ ला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रोफेसर. फॅराडेचा सहकारी! म्हणजे आपल्याकडच्या भाषेत पोरगा लईच वर गेला.

पण मग गोंधळ सुरू झाला. एकीकडे वाचतो तर याच्या लेक्चरला तुफान गर्दी, १८७२-७३ च्या हिवाळ्यात अमेरिकेत ३५ लेक्चरं दिली आणि खर्च जाऊन उरलेले सुमारे १३ हजार डॉलर तिथल्याच विद्यार्थ्यांसाठी ठेवून आला. दुसरीकडे मॅक्सवेलसारखा (विजेची आणि चुंबकत्वाची समीकरणं मांडणारा) माणूस याच्यावर विडंबन लिहितो, मॅक्सवेल कविता करायचा हेच मला नवीन. आणि कोणीतरी टेट म्हणून आहे तो तर 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकात याची सालटी काढतोय. तर प्रश्न असा की त्याच्या काळातल्या लोकांना हा माणूस नक्की काय वाटायचा? शास्त्रज्ञ की प्रवचनकार? जाणकारांनी प्रकाश टाकावा (कवडसा चालेल).

जुनाट_पंखा

उंटराव, छान धागा. तुम्ही ज्याला 'त्याच्या काळातले लोक' म्हणताय ते एक नव्हते, तिथेच मेख आहे. लंडनमध्ये विचाराल तर एक उत्तर, एडिंबराला विचाराल तर दुसरं, आणि बेलफास्टला विचाराल तर दार आपटतील.

मी फिजिक्सवाल्यांचं सांगतो. थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन झाला तो), टेट आणि मॅक्सवेल ही स्कॉटलंडशी बांधलेली, केंब्रिजला गणितात तयार झालेली मंडळी, एकमेकांना सारखी पत्रं लिहिणारी. पत्रांत थॉमसन म्हणजे नुसता टी, टेट म्हणजे टी डॅश. मॅक्सवेल स्वतःची सही 'डीपी बाय डीटी' करायचा, कारण टेटच्या पुस्तकातल्या एका समीकरणात डीपी बाय डीटी बरोबर जेसीएम असं येतं आणि जेसीएम म्हणजे याचीच आद्याक्षरं. आता टिंडलचं आडनावही टी वरूनच, तर तो झाला टी डबल डॅश. म्हणजे दुसऱ्या ऑर्डरची राशी, हिशेबात सोडून दिली तरी फरक पडत नाही अशी! हा टोमणा कळायला कॅल्क्युलस लागतं आणि टिंडलची नेमकी तीच बाजू लंगडी होती, म्हणून तर तो जास्त झोंबणारा.

भांडणं मुख्य दोन. पहिलं १८६२ चं. उष्णता आणि काम यांचा हिशेब जुळतो, ऊर्जा नष्ट होत नाही, याचं श्रेय इंग्लंडात सगळे मँचेस्टरच्या जूलला द्यायचे. टिंडलने भर लेक्चरमध्ये सांगितलं की हाइलब्रॉनचा एक डॉक्टर आहे, मेयर नावाचा, त्याने हे १८४२ मध्येच लिहून ठेवलंय. झालं. टेट आणि थॉमसन तुटून पडले, आपल्या माणसाचा हक्क परक्याला देतो म्हणजे काय. आणि उत्तर कुठे छापलं तर 'गुड वर्ड्स' नावाच्या घरोघरी जाणाऱ्या धार्मिक वळणाच्या मासिकात. म्हणजे टिंडल लोकांसाठी बोलतो म्हणून नाक मुरडायचं आणि स्वतः वेळ आली की लोकांच्याच मासिकात जायचं, हे मला तरी फार गमतीचं वाटतं. पुढे रॉयल सोसायटीने कोपली पदक १८७० ला जूलला दिलं आणि १८७१ ला मेयरला.

दुसरं भांडण हिमनद्यांचं, ते जास्त कडवट. एडिंबराचा फोर्ब्स म्हणायचा की हिमनदी घट्ट काकवीसारखी वाहते. टिंडल १८५६ ला हक्स्लेबरोबर (जीवशास्त्रज्ञ, डार्विनचा पाठीराखा) आल्प्समध्ये गेला, मग दरवर्षी जायला लागला (वाइसहॉर्न शिखरावर १८६१ ला पहिल्यांदा चढला तो हाच) आणि म्हणाला बर्फ वाहत बिहत नाही, दाबाने तडकतो आणि दाबानेच परत सांधतो. शिवाय फोर्ब्सने रेंदू नावाच्या माणसाचं श्रेय दडपलं असाही आरोप. हा रेंदू पुढे आनसीचा बिशप झालेला, म्हणजे पाद्र्यांशी आयुष्यभर कुस्ती खेळलेला टिंडल इथे एका बिशपची वकिली करतोय बघा. फोर्ब्स १८६८ ला वारला तरी वाद मेला नाही. १८७३ ला फोर्ब्सचं चरित्र आलं त्यात टेटचा हात होता, टिंडलने उत्तराची पुस्तिका काढली, कलासमीक्षक रस्किन फोर्ब्सच्या बाजूने मैदानात उतरला, आणि 'नेचर'मध्ये टेटने ते सुप्रसिद्ध वाक्य टाकलं, ज्याचा मतलब असा की टिंडलने लोकप्रियतेच्या मैदानात नाव कमावलं, ते कमावलं हे मान्य, पण त्यापायी स्वतःचा शास्त्रातला अधिकार हुतात्मा करून टाकला.

मॅक्सवेलचं विडंबन याच बर्फावर सुरू होतं. टेनिसनची एका ओढ्यावरची कविता आहे, तिच्या चालीवर टिंडल स्वतः बोलतोय अशी कल्पना, की मी फुटक्या बर्फाच्या रानातून आलोय जिथल्या जखमा दाबल्या की बऱ्या होतात. मला विचाराल तर त्यात विष नाहीये, मित्रमंडळींच्या बैठकीतली टवाळी आहे. टेटचं मात्र विषच.

मायक्रोब_ताई

पंखाकाका भारी लिहिलंय, पण फिजिक्सवाल्यांनी सोडून दिलेली ही 'दुसऱ्या ऑर्डरची राशी' आमच्या लॅबमध्ये मात्र पहिल्या ऑर्डरची आहे हो. मी मायक्रोबायोलॉजी केलं. टिंडलायझेशन (थांबून थांबून उकळून जंतू मारायची पद्धत) आम्हाला बीएस्सीला होतं आणि ते कोणा डॉक्टरने नाही, या कवडसेवाल्याने शोधलं.

झालं असं की त्याला प्रकाशाच्या प्रयोगासाठी पूर्ण स्वच्छ हवा हवी होती आणि ती काही केल्या मिळेना. मग दिव्याच्या ज्योतीवरून हवा नेली तर धूळ गायब! म्हणजे लंडनच्या हवेतली धूळ जळणारी होती, सेंद्रिय होती. तिथून याच्या डोक्यात आलं की रोगांचे जंतूही असेच तरंगत असणार, आणि जानेवारी १८७० मध्ये धूळ आणि रोग यावर लेक्चर ठोकलं. यावर डॉक्टर मंडळी काय म्हणाली असतील? अर्थात, की फिजिक्सच्या प्रोफेसरने आमच्यात नाक खुपसू नये. आमच्याकडे आजही कोणी बाहेरचा बोलला की हेच म्हणतात.

बॅस्टियन नावाचा डॉक्टर तेव्हा ठामपणे सांगत होता की उकळलेल्या काढ्यात जीव आपोआप तयार होतात. टिंडलने लाकडी पेट्या केल्या, आतून ग्लिसरीन फासलं म्हणजे धूळ चिकटून बसेल, मग प्रकाशाचा झोत सोडून बघायचा. झोत दिसेनासा झाला की हवा स्वच्छ. मग आतल्या नळ्यांत मटणाचा, माशाचा, भाज्यांचा रस उकळून ठेवायचा, तो महिनोनमहिने नासत नाही. सुंदर प्रयोग आहे, म्हणजे आईला समजावून सांगता येईल असा. पण नंतर त्याच्या लॅबमध्ये वाळलेलं गवत आलं आणि सगळं बिघडलं, तासन् तास उकळलं तरी काढा नासायचाच. तो शेवटी प्रयोग घेऊन लंडनच्या क्यू वनस्पती बागेतल्या नव्या लॅबमध्ये गेला. एखादा असता तर हरलो म्हणाला असता किंवा निकाल लपवला असता, याने ओळखलं की गवतातल्या जंतूंचं एक चिवट रूप असतं ते उकळून मरत नाही, पण त्याला रुजायला वेळ दिला की मऊ पडतं आणि मग मरतं. म्हणून आज थोडं उकळा, उद्या परत, परवा परत. हे १८७७ चं. पाश्चर आणि लिस्टर (जंतुनाशक शस्त्रक्रियेवाला) दोघंही त्याला मानायचे. त्यामुळे 'त्या काळचे लोक' यात या दोघांनाही मोजा की.

कोकणातला_कावळा

तुम्ही सगळे मूळ मुद्दा सोडून बर्फ आणि गवत घेऊन बसलात. सामान्य माणसाला तेव्हा टिंडल कशासाठी माहीत होता? नास्तिक म्हणून! (तो स्वतःला तसं म्हणवून घ्यायचा नाही, पण लोकांना काय.)

१८७२ ला एका सर्जनची कल्पना याने आपल्या शिफारशीसकट छापायला दिली, की एखाद्या हॉस्पिटलातल्या एकाच वॉर्डसाठी देशभर तीन ते पाच वर्षं प्रार्थना करायची आणि तिथला मृत्युदर इतर वॉर्डांशी ताडून बघायचा. लक्षात घ्या, आदल्याच वर्षी युवराज टायफॉइडमधून उठला होता आणि आख्ख्या इंग्लंडने प्रार्थनेचा गुण आला म्हणून आभार मानले होते. आपल्याकडे कोणी नवसाचं असं ऑडिट मागितलं तर काय होईल ते इमॅजिन करा.

आणि मग ऑगस्ट १८७४, बेलफास्ट. ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संस्थेचा अध्यक्ष म्हणून भाषण. जुन्या रोमन कवी ल्युक्रेशियसपासून डार्विनपर्यंत सगळं घेतलं आणि बजावलं की विश्व कसं झालं हा विषय आता आम्ही धर्मशास्त्राच्या हातातून काढून घेणार, आणि पुढच्या सगळ्या जीवनाची बीजं जडद्रव्यातच आहेत. तेही कुठे, तर प्रेस्बिटेरियन लोकांच्या गावात. पुढच्या रविवारी चर्चांतून आग ओकली गेली, हिवाळाभर त्याला उत्तर देणारी व्याख्यानमाला झाली, कॅथलिक बिशपांनी वेगळं पत्रक काढलं. म्हणजे जे एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत ते टिंडलमुळे एका सुरात बोलले. लंडनच्या एका व्यापाऱ्याने तर गृहमंत्र्याला पत्र पाठवून विचारलं की ईशनिंदेच्या कायद्याखाली याला शिक्षा होते का बघा.

मॅक्सवेल श्रद्धाळू ख्रिश्चन, त्याने या भाषणावरही कविता केली. माझं म्हणणं असं की स्कॉटिश मंडळींच्या रागात अर्धं फिजिक्स आणि अर्धं हे होतं, फक्त ते 'गणित येत नाही' या नावाखाली निघायचं.

अवांतर: टिंडल, हक्स्ले, वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर, तत्त्वज्ञ स्पेन्सर वगैरे नऊ जणांचा एक्स क्लब होता १८६४ पासून, महिन्यातून एकदा जेवायला भेटायचे आणि विज्ञानातलं राजकारण ठरवायचे. आगरकर वाचलेल्यांना स्पेन्सर वेगळा सांगायला नको. म्हणजे पुण्यात ज्या पुस्तकांवरून रान पेटलं त्यांचा लेखक टिंडलच्या पंगतीत बसणारा.

खडूस_मास्तर

सगळ्यांनी आरती ओवाळून झाली असेल तर थोडं उलटं बोलतो.

१. टेट कडवट होता पण चूक नव्हता. आकाश निळं का, यावर टिंडलने १८६८-६९ ला अप्रतिम प्रयोग केले, नळीत बारीक कणांचा ढग बनवून त्यातून निळा प्रकाश काढून दाखवला. पण का निळा, किती निळा, हे गणिताने १८७१ ला रॅले या भौतिकशास्त्रज्ञाने सांगितलं. नुसतं दाखवणं आणि सिद्ध करणं यात फरक असतो, आणि तो फरक सांगणाऱ्याला लगेच जळका ठरवू नये.

२. माणूस कमालीचा भांडखोर. उत्तर दिल्याशिवाय झोप यायची नाही. फॅराडेने १८५५ मध्येच त्याला पत्रात समजावलं होतं की बाबा, विरोधकाला झोडपण्यापेक्षा सबुरीने उत्तर दिलं तर तो लवकर पटतो, गटबाजीकडे काणाडोळा करावा आणि चांगुलपणा मात्र चटकन बघावा. याने काय केलं? फॅराडेवरच्या स्वतःच्या पुस्तकात ते पत्र छापलं आणि पुढची पंचवीस वर्षं भांडत राहिला.

३. आणि हे कोणी बोलत नाही. जमैकात १८६५ ला गव्हर्नर एअरने उठाव चिरडताना शेकडो काळ्या लोकांना मारलं, तेव्हा इंग्लंडात दोन तट पडले. तत्त्वज्ञ मिल, डार्विन, हक्स्ले एअरवर खटला भरा म्हणणारे. टिंडल एअरला वाचवणाऱ्यांत, लेखक कार्लाइलच्या बाजूला. जिवलग मित्र हक्स्ले समोरच्या गोटात. स्वतः आयरिश असून आयर्लंडच्या होमरूलला (स्वराज्याला) विरोध, ते देऊ पाहणाऱ्या पंतप्रधान ग्लॅडस्टनवर जाहीर टीका. तेव्हा आगरकरांशी नातं जोडताना कावळेबुवा जरा दमानं.

कोकणातला_कावळा

मास्तर, नातं स्पेन्सरशी जोडलं होतं हो, टिंडलशी नाही. पण एअरचं माहीत नव्हतं, हे खरंच वाईट आहे. पाद्र्यांविरुद्ध बोलणारा प्रत्येक जण आपल्या बाजूचा, असं आपण धरून चालतो.

आळशी_उंट

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. एक विचारायचं राहिलं. मी तर त्याचं नाव हवामान बदलाच्या संदर्भात जास्त वाचलं, कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतो हे त्याने दाखवलं म्हणून. त्यावर त्या काळी काय बोललं गेलं? आणि युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईंनी ते आधीच केलं होतं ना, मग हे ढापलं का?

जुनाट_पंखा

ढापलं म्हणायला काही आधार नाही. फूटबाईंचा लेख १८५६ चा, त्यांनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली हे नोंदवलं. पहिला मान त्यांचाच आणि तो द्यायलाच हवा. पण ऊन म्हणजे सगळं मिसळलेलं. टिंडलने १८५९ ला वेगळं यंत्र उभं केलं, लांब पितळी नळी, दोन्ही टोकांना सैंधवाच्या पारदर्शक चकत्या (काच ही अदृश्य उष्णता अडवते, मीठ जाऊ देतं), एका बाजूला उकळत्या पाण्याचं भांडं आणि दुसऱ्या बाजूला थर्मोपाइल (उष्णता मोजायचं उपकरण). त्यातून निघालं की ऑक्सिजन-नायट्रोजनमधून ही उष्णता जवळपास सरळ निघून जाते, पण पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ती पकडून ठेवतात. जूनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोग करून दाखवला तेव्हा अध्यक्षस्थानी राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट.

आणि त्या काळी यावर जो वाद झाला तो हवामानाचा नव्हताच, मोजमापाचा होता. बर्लिनचा माग्नुस वर्षानुवर्षं म्हणत राहिला की पाण्याची वाफ एवढी उष्णता शोषत नाही, तुझ्या मिठाच्या चकत्या दमट होतात म्हणून तसं दिसतं. टिंडल पुन्हा पुन्हा प्रयोग करून उत्तर देत राहिला आणि शेवटी तोच बरोबर ठरला. मास्तर, इथे भांडखोरपणा कामाला आला बरं का. आज आपण त्याला ज्यासाठी ओळखतो ते त्याच्या समकालीनांना त्याच्या दहा कामांतलं एक वाटायचं, १८६४ ला रॉयल सोसायटीचं रम्फर्ड पदक मिळालं तेवढं सोडलं तर बेलफास्टच्या गदारोळापुढे ते कोणाच्या लक्षातही राहिलं नसेल.

मायक्रोब_ताई

मग मेल्यानंतर काय झालं? एवढा फेमस माणूस एकदम पुस्तकातल्या एका ओळीपुरता कसा उरला?

जुनाट_पंखा

ती गोष्ट वाईट आहे ताई. त्याने १८७६ ला पंचावन्नाव्या वर्षी लग्न केलं, लुईसा पंचवीस वर्षांनी लहान. शेवटी त्याला झोप यायची नाही, क्लोरल हे झोपेचं औषध घ्यायचा. ४ डिसेंबर १८९३ ला सकाळी लुईसाने पोटाच्या औषधाच्या जागी चुकून क्लोरलची बाटली ओतली, दोघांच्याही ते लगेच लक्षात आलं, पण संध्याकाळपर्यंत तो गेला.

महिन्याभरात हक्स्लेने मित्र म्हणून लेख लिहिला. १८९४ मध्ये रॅलेने, म्हणजे आकाशाचं गणित करणाऱ्या त्याच रॅलेने, रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये टिंडलच्या फक्त शास्त्रीय कामावर पूर्ण व्याख्यान दिलं, मास्तर हे लक्षात असू द्या. पण १९०२ च्या ब्रिटानिका ज्ञानकोशात ऑलिव्हर लॉज या भौतिकशास्त्रज्ञाने टिंडलवर लिहिलं ते हातचं राखून, आणि तेच पुढच्यांनी वाचलं. उत्तर द्यायला चरित्र हवं होतं. लुईसा पत्रं गोळा करत होती, डायऱ्या उतरवून काढत होती, दुसऱ्या कोणाला लिहायला देणं तिला जमेना आणि स्वतःकडून पुरं होईना. अशी ४७ वर्षं. ती १९४० ला गेली, चरित्र १९४५ ला आलं. तोपर्यंत त्याला प्रत्यक्ष ऐकलेलं कोण उरलं असणार?

खडूस_मास्तर

रॅलेचं मान्य. आणि मेयरच्या बाबतीतही टिंडलला पूर्ण मार्क, तिथे टेटने नुसता देशाभिमान पाजळला. बाकी दोन आणि तीनवर मी ठाम आहे.

आळशी_उंट

काल रात्री लाइट घालवून, उदबत्ती लावून, मोबाइलच्या टॉर्चने मुलीला झोत दाखवला. बाजूने बघितला की धूर खरंच निळसर दिसतो. मग ही सगळी भांडणं गोष्टीसारखी सांगितली. तिचा प्रश्न: मग आम्हाला परीक्षेला 'टेट परिणाम' का नाही येत?

खडूस_मास्तर

टेटने दोरीच्या गाठींचं गणित केलंय. म्हणावं एमएस्सीला ये, मग भेटेल तो.